जात होते, पण गात नव्हते

दिवाळीत फराळाची ताटे पोचवण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडून याहून अवघड काम होणार नाही, अशी घरच्यांची पक्की समजूत आहे. तीत तथ्यही असावे. गेली अकरा वर्षे मी हे काम निमूटपणे करीत आलो आहे, आणि वाटेत चकल्या कमी होतात हा आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही.

या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आमची गल्ली ठाऊक आहेच. गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाखालच्या बैठ्या घरात बाई राहतात. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन तीस वर्षे होत आली, पण अर्धे गाव त्यांना अजून बाईच म्हणते. त्यांच्या हाताखालून गेलेले आजोबा आता काठी टेकीत रस्त्याने जातात आणि बाई ओट्यावर दिसल्या की काठी दुसऱ्या हातात घेऊन नमस्कार करतात. बाईंचा जन्म 1937 सालचा. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमच्या शहराचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. बाई ‘नगर’ म्हणतात. अर्थात अहमदनगर होते तेव्हाही त्या नगरच म्हणत, तेव्हा त्यांच्यापुरता काही बदल झालेला नाही.

आमचे दिवाळीचे ताट त्यांच्याकडे जाते आणि त्यांचे नाताळचे आमच्याकडे येते. दोन्हींत करंज्या असतात, दोन्हींत शंकरपाळी असतात. आमची धाकटी लहान असताना विचारी, “बाईंची दिवाळी दोन महिने उशिरा का येते?” त्यावर बाईंनी तिला सांगितले होते, “आमचं तेल उशिरा तापतं.”

यंदा ताट घेऊन गेलो तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर शास्त्राचे जाडजूड पुस्तक, हातात भिंग. भिंग एका शब्दावर ठेवायचे, तो वाचायचा, मग पुढच्या शब्दावर सरकवायचे. मी म्हटले, “बाई, मोठ्या अक्षरांतलं मिळतं आता. फोनवर तर कुणी वाचूनही दाखवतं.”

“मिळतं की,” बाई म्हणाल्या. “मुलानं पाठवलंय मोठ्या टाइपातलं. त्यात भाषा नवी आहे. मला जे वाक्य तोंडपाठ आहे ते तिथं वेगळंच निघतं, मग मी अडखळते. यात दिसलं नाही तरी चालतं. पहिला शब्द सापडला की पुढचं मलाच येतं.”

मग भिंग बाजूला ठेवून त्यांनी एक करंजी उचलली, कानाशी नेऊन हलवली. आतले सारण वाजले की करंजी जमली, अशी त्यांची कसोटी आहे. म्हणाल्या, “सर, तुम्हाला हन्ना माहीत आहे?”

मला माहीत नव्हती. मराठीचा प्राध्यापक असलो तरी ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मला अजून म्हणता येते.

“कुणालाच माहीत नसते,” बाई म्हणाल्या. “नाताळात सगळ्यांना मेंढपाळ आठवतात, पूर्वेकडचे मागी लोक आठवतात. शाळेत नाटुकलं बसवायचं म्हटलं की पोरं मेंढपाळ व्हायला भांडायची. लूकच्या दुसऱ्या अध्यायात पुढं जरा वाचलं, की बाळाला मंदिरात आणतात. तिथं ही हन्ना. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, मग सारा जन्म मंदिरात. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. तिला ते बाळ बघायला मिळतं. तीन ओळींत आटोपली आहे बिचारी. लहानपणी मला वाटायचं, चौऱ्याऐंशी म्हणजे किती म्हातारी! आता मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी.”

आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेलो. स्वयंपाकघरात एकच गॅस, एकच भांडे, एकच ताट. मुलगा ऑस्ट्रेलियात, मुलगी नागपुरास. दोघेही बोलावतात, बाई जात नाहीत.

बाईंच्या आजीची हकिकत त्यांनी मला पूर्वी तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली आहे. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या; त्यांत ही एक होती. सहासात वर्षांची, स्वतःचे गावही धड सांगता न येणारी. रमाबाईंच्या केडगावला ती वाढली. (दौंडजवळचे केडगाव, नगरचे उपनगर असलेले केडगाव वेगळे. माझ्या विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकांत या दोहोंचा संगम अनेकदा घडवून आणला आहे.) मुक्तीच्या छापखान्यात मुलीच काम करीत. तिथे ही आजी खिळे जुळवायला शिकली. उलटी अक्षरे सुलट्याइतक्याच वेगाने वाचायची. पुढे लग्न होऊन नगरला आली, तरी नातीचा पाठ घेताना पुस्तक नातीच्या हातात आणि आजी समोर. उलट्या बाजूने वाचून चुका काढायची. बाईंच्या शिस्तीचे मूळ मला तिथे सापडते.

रमाबाईंचे उत्तरायुष्य आपण फारसे वाचत नाही. आपल्याला विद्वान तरुणी रमाबाई ठाऊक असतात, संस्कृतात बोलून कलकत्त्याच्या पंडितांना चकित करणाऱ्या. 1883 साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तिथे पुष्कळांचे वाचन संपते. पण त्यानंतर बाई जवळजवळ चाळीस वर्षे जगल्या. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मराठीत उतरवायला बसल्या. तेही पंडितांसाठी नव्हे, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. कानांनी त्यांना नीट ऐकू येत नव्हते. 1921च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि ते बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठनऊ महिन्यांत, मजकुरावर मान वाकवलेल्या त्या म्हातारीच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. बाईंच्या भिंगाने तो माझ्या डोक्यात घातला.

पाणी पिऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, “सर, बसा जरा. तुमचं अक्षर चांगलं आहे. मला एक यादी लिहून द्या.”

मला वाटले किराण्याची. खिशातून पेन काढले. बाईंनी टेबलाच्या खणातून कागद काढून दिला आणि शाळेत श्रुतलेखन सांगावे तशा स्वरात म्हणाल्या, “वर लिहा : माझ्या वेळी म्हणायची गाणी.”

माझे पेन थांबले. ‘माझ्या वेळी’चा अर्थ कळायला मला क्षणभर लागला.

“लिहा, लिहा. घाबरू नका, आज नाही जात मी. पण मुलगा तिकडून येईल, घाईघाईत कुणीतरी इंग्रजी गाणी लावतील. नातवंडांना तीच येतात. वाईट नाहीत, पण मला ती गाणी ओळखत नाहीत. पाळकसाहेबांना सांगितलं असतं, पण पाळकांची बदली होते. तुमची होत नाही.”

मी लिहू लागलो. पहिले गाणे टिळकांचे. दुसरे टिळकांचे. तिसरेही टिळकांचेच.

आता इथे मला एक कबुली देणे भाग आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक मी पंधरा वर्षे शिकवतो आहे. ‘फुलामुलांचे कवी’ ही पदवी, ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि ‘वनवासी फूल’ या कविता, निसर्गप्रेम, करुणरस. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, हे एक वाक्य कविपरिचयात. ते वाचून मी पान उलटतो. ‘स्मृतिचित्रे’ तर माझे अत्यंत आवडते पुस्तक. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची बोली, टिळकांचा विसरभोळेपणा, सोवळेओवळे. तासाला वर्ग हसून हसून लोळतो. सहासात वर्षांपूर्वी एका तासानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “सर, लक्ष्मीबाईंना स्वतःला कसं पटलं, तो भाग आपण केव्हा घेणार?” मी घड्याळाकडे पाहून म्हणालो, “त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.” ती ‘बरं सर’ म्हणून गेली. ती ख्रिस्ती होती हे मला पुढे तिच्या अर्जावर सही करताना कळले. ते ‘बरं सर’ मला अजून अधूनमधून ऐकू येते.

मी बाईंना ही गोष्ट सांगितली. वाटले, रागावतील. त्या म्हणाल्या, “मग आता घ्या की तो भाग. तास काय संपले आहेत का तुमचे?”

घ्यायचा तर काय घ्यायचे, याचा मी गेले काही दिवस विचार करतो आहे. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. पाच वर्षे स्वतःशी आणि नवऱ्याशी भांडून, एकेक गाठ आपल्या हाताने सोडवत 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक 9 मे 1919 रोजी गेले. लक्ष्मीबाई गेल्या 1936 साली. म्हणजे त्यांच्या छत्तीस वर्षांच्या ख्रिस्ती आयुष्यातली सतरा वर्षे टिळकांशिवायची आहेत. बायको नवऱ्यामागून गेली, एवढ्यावर ज्यांना हे प्रकरण मिटवायचे असते, त्यांनी या सतरा वर्षांचे काय करायचे? टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभले होते, ते दहाअकरा अध्यायांवरच राहिले. नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेल्या या बाईने त्यापुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. ते 1938 साली छापून निघाले, तेव्हा त्या नव्हत्या. ‘स्मृतिचित्रे’ही याच काळातली, 1934 ते 1936मध्ये चार भागांत निघालेली. आपण त्या पुस्तकातला विनोद वाचतो. पण जी हसते आहे ती साठी उलटलेली विधवा आहे आणि दुसऱ्या टेबलावर तिचे ‘ख्रिस्तायन’ आहे, हे मी एकाही वर्गाला सांगितलेले नाही.

पण बाईंची गोष्ट राहिली. यादी लिहिता लिहिता मी सहज म्हटले, “बाई, इतक्या वर्षांत कधी शंका आली नाही तुम्हाला?”

प्रश्न विचारला आणि जीभ चावली. सणाच्या दिवशी, तोंडात शंकरपाळे असताना विचारायचा हा प्रश्न नव्हे. बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

“बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत सुकडी वाटायची,” त्या म्हणाल्या. “रांगा लागायच्या. खेड्यांतनं आलेल्या बाया, काखेत एक, हाताला एक. मी रोज रात्री मोजायची, आज किती लेकरांच्या पोटात गेलं. वाटायचं, देवानं आपल्याला कामाला लावलंय. त्र्याहत्तरला पाऊस झाला. सगळ्या गावानं आनंद केला. आणि त्या पावसाळ्यात माझ्या मधल्याला ताप आला. चार वर्षांचा होता. सहा दिवस.”

हा मधला मुलगा मला ठाऊकच नव्हता. अकरा वर्षांच्या शेजारात त्याचे नाव निघालेले नव्हते, आणि आताही बाईंनी ते घेतले नाही.

“लोक भेटायला यायचे. म्हणायचे, देवाची इच्छा. मला वाटायचं, उठून यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा. दुसऱ्यांची शेकडो लेकरं मी जगवली आणि माझं एक त्याला जास्त झालं? हे मी मोठ्यानं म्हटलं होतं, सर. मनात नाही ठेवलं. तेव्हाचे पाळक म्हातारे होते. ते आले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, काही बोलले नाहीत. महिनाभर रोज संध्याकाळी येऊन अर्धा तास बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. एकदा यांनी विचारलं, साहेब, प्रार्थना करता का? तर म्हणाले, बाईंनी सांगितलं तर करीन. मी नाही सांगितलं.”

“मग? उपासनेला जाणं सोडलंत?”

“छे! सोडून जाणार कुठं? दर रविवारी जात होते. दोन मुलांना तयार करून, वेण्या घालून, पहिल्या घंटेला. जात होते, पण गात नव्हते. गाणं सुरू झालं की सगळे उभे राहायचे, मीही राहायची. पुस्तक उघडं, तोंड बंद. दीड वर्ष. कुणी काही बोललं नाही. लहान गाव, सगळ्यांना दिसत होतं.”

मी विचारले, “पुन्हा केव्हा गायलात?”

इथे मला काहीतरी मोठे ऐकायची अपेक्षा होती, हे कबूल करतो. एखादे स्वप्न, एखादी ओळ, रात्री लागलेला दिवा. साहित्याच्या माणसाला अशा गोष्टींची चटक असते.

बाई हसल्या. “पुढच्या बाकावर एक पोरगी होती, माझ्याच वर्गातली. दुसरं कडवं चुकीचं म्हणत होती. ओळींची अदलाबदल. मी शिक्षिका, सर! राहवलं नाही. तिला बरोबर कळावं म्हणून मी मोठ्यानं म्हटलं. तिनं मागं वळून पाहिलं. मग कडवं अर्ध्यावर सोडता येईना.”

आम्ही दोघेही हसलो. मग बाईंनी पदराने डोळे टिपले आणि भिंगही पुसले.

“तेव्हापासून सगळं बरं झालं असं नाही हं,” त्या म्हणाल्या. “मला अजून त्याला विचारायचं आहे. भेटेल तेव्हा पहिला प्रश्न तोच. पण विचारायचं तर तिथं जाऊन विचारलं पाहिजे. बोलणं तोडून कसं चालेल?”

मला माझी आई आठवली. शेवटच्या वर्षात ती मला ओळखत नव्हती. मी ‘आई’ म्हणून हाक मारली की सौजन्याने विचारी, “आपण कुणाकडचे?” पण संध्याकाळी हरिपाठाचा पहिला शब्द कुणी उच्चारला, की पुढचे अभंग तिच्या तोंडून अखंड येत. डॉक्टर म्हणाले होते की फार जुनी, रोजची सवय शेवटपर्यंत टिकते. मला त्या स्पष्टीकरणाने बरे वाटले होते आणि थोडे वाईटही. मी बाईंना ते सांगितले आणि म्हटले, “सवयच असते शेवटी.”

“सवय म्हणून नाक मुरडू नका,” बाई म्हणाल्या. “भाकरी थापायचीसुद्धा सवयच असते. आता मला हल्ली काय होतं, सांगू? सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. परवा मुलीचं नाव एक मिनिट सापडेना. तिला फोनवर बाळ, बाळ म्हणत राहिले. भीती वाटली, सर. रात्री अंथरुणावर पडून गाणी मोजली. एकशे बारा आली, कडव्यांसकट. मग झोप लागली.”

त्यांनी त्या गाण्यांचे पुस्तक दाखवले : ‘उपासना संगीत’, पुठ्ठा गेलेले, कापडाने शिवलेले. मी प्रथमच ते हातात घेतले. पान उलटावे तो टिळक, पुन्हा टिळक. अभंग, ओव्या, पदे. टाळमृदंगावर म्हणता येतील अशी. ज्या कवीच्या चारदोन कविता मी पंधरा वर्षे शिकवतो, त्याची ही शेकडो गीते माझ्या घरापासून शंभर पावलांवर दर रविवारी म्हटली जात होती. नगरला अमेरिकन मराठी मिशन आले 1831 साली. 1970मध्ये उत्तर भारतातल्या निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, पाटीवरचे नाव बदलले, पाळक बदलले. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बाके तीच राहिली आणि गाणी तीच राहिली. मी मराठीचा प्राध्यापक; मी त्या दारात कधी गेलो नव्हतो.

“तिसऱ्या गाण्यापुढं कंसात लिहा,” बाई म्हणाल्या, “जुन्या चालीवर.”

“जुनी चाल म्हणजे कुठली? मला कशी कळणार?”

“तुम्हाला सांगावं लागेल ना त्यांना. ऐका.”

आणि बाईंनी गायला सुरुवात केली. आवाज फाटलेला, वरच्या सुरात धाप लागणारा. पण ताल पक्का. बोटे खुर्चीच्या हातावर ताल धरीत होती. दुसऱ्या कडव्यात एका जागी त्या थांबल्या. शब्द सापडेना. ओठ हलले, थांबले. माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत परवा रात्रीची भीती मला स्पष्ट दिसली. पुस्तक माझ्याच हातात होते. मी पान शोधले, ओळीवर बोट ठेवले आणि तो शब्द वाचला.

पुढचे त्यांना आले. कडवे पुरे झाले.

“ऱ्हस्व म्हटलात,” त्या म्हणाल्या. “दीर्घ आहे तो.”

मी पाहिले. दीर्घच होता.

निघताना बाईंनी आमचे ताट रिकामे दिले नाही; परसातले चार पेरू त्यात घातले. यादी दुमडून मी खिशात ठेवली होती, ती घरी आल्यावर ‘स्मृतिचित्रे’च्या प्रतीत ठेवली. दिवाळीची सुटी संपली की मंगळवारी पहिला तास तोच आहे. तिसऱ्या गाण्याची चाल विसरू नये म्हणून मी रोज अंघोळीला म्हणतो. घरात विचारपूस सुरू झाली आहे. येत्या रविवारी पहिल्या घंटेला या, म्हणजे चाल पक्की होईल, असा बाईंचा निरोप धाकटीबरोबर आला आहे.